आट्यांना शिस्त लावणारा कारागीर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात सूतगिरण्यांचे युग सुरू झाले होते. वाफेच्या इंजिनावर चालणारी यंत्रे दिवसभर धडधडत असत. त्या धडधडीने बोल्टवरचे नट हळूहळू सैल होत आणि एखादे दिवशी एखादा नट निसटून खाली पडे. आज असे घडले तर आपण जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जातो, तुटका नमुना दाखवतो आणि काही रुपयांत तसाच नवा नट घेऊन येतो. त्या काळी ही सोय नव्हती. एका कारखान्यात बनलेल्या बोल्टवर दुसऱ्या कारखान्याचा नट बसत नसे. इतकेच नव्हे, तर एकाच कारखान्यातील दोन कारागिरांनी केलेले नट-बोल्टही एकमेकांशी जुळतील, याची खात्री नसे. प्रत्येक नट आपल्याच बोल्टशी बांधलेला असे. यंत्र उघडताना त्या जोड्यांवर खुणा कराव्या लागत आणि खुणा पुसल्या किंवा जोड्या मिसळल्या, म्हणजे मिस्त्रीच्या डोक्याला ताप होई. एक नट हरवला, की जुन्या बोल्टचे आटे पाहून नवा नट मुद्दाम घडवावा लागे. तोवर यंत्र बंद आणि त्यावर काम करणाऱ्या माणसांची मजुरीही बंद.

ही अडचण ज्याने कायमची दूर केली, तो जोसेफ व्हिटवर्थ २१ डिसेंबर १८०३ रोजी स्टॉकपोर्ट या गावी जन्मला. वडील चार्ल्स शिक्षक होते आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले. जोसेफ लहान असतानाच त्याची आई वारली आणि भावंडांची पांगापांग झाली. त्याचे शालेय शिक्षण फार झाले नाही. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमधील मामाच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. मुलाने धंदा शिकावा, पुढे गिरणीत भागीदार व्हावे आणि सुखाने राहावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्या दिवसांत याहून चांगले नशीब कोणते?

जोसेफचे मन मात्र सुतात रमले नाही, ते यंत्रांत रमले. चार वर्षांत गिरणीतील प्रत्येक यंत्र त्याने समजून घेतले आणि ती यंत्रे किती ओबडधोबड आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. अठराव्या वर्षी भागीदारीची आशा सोडून तो मँचेस्टरला निघून गेला आणि एका यंत्रशाळेत साधा कारागीर म्हणून राहिला. मालकाच्या गादीकडे जाणारी वाट सोडून हातात कानस घेणाऱ्या या मुलाला नातेवाइकांनी शहाणा म्हटले नसणार.

१८२५ मध्ये फॅनी अँकर्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी तो लंडनला गेला आणि हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात रुजू झाला. मॉडस्ले हे त्या पिढीतील यंत्रकारांचे गुरू होते. अचूक आटे पाडणारा लेथ त्यांनी घडवला होता. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत माप दाखवणारे एक उपकरणही त्यांनी बनवले होते. कारखान्यात मापावरून वाद झाला, की या उपकरणाचा निर्णय अखेरचा मानला जाई. म्हणून त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशाचे नाव पडले होते. आपल्या कारखान्यापुरते का होईना, आट्यांत एकसारखेपणा आणण्याचा प्रयत्न मॉडस्ले यांनी केला होता. व्हिटवर्थच्या पुढील कार्याचे बीज येथेच पडले आणि त्याचे श्रेय मॉडस्ले यांना द्यायलाच हवे. व्हिटवर्थ स्वतः मात्र इतरांना श्रेय देण्याच्या बाबतीत फारसा उदार नव्हता.

लंडनमध्ये असताना व्हिटवर्थने पहिला मोठा प्रश्न हाती घेतला, तो सपाट पृष्ठभागाचा. यंत्राचा एक भाग दुसऱ्यावर सरकायचा असेल, तर दोन्ही भाग खरोखर सपाट हवेत. त्या काळी दोन लोखंडी पाट्या मध्ये कुरुंदाची पूड घालून एकमेकींवर घासत. परंतु पूड सर्वत्र सारखी पसरत नसे. जिथे ती साचे, तिथे लोखंड जास्त झिजे. शिवाय दोनच पाट्या घेतल्या, तर एक किंचित फुगीर आणि दुसरी किंचित खोलगट होऊन दोन्ही एकमेकींत चपखल बसू शकत. जुळल्या म्हणून त्या सपाट आहेत, असा भ्रम होई. व्हिटवर्थने तीन पाट्या घेतल्या. एकीला तेलात कालवलेल्या गेरूसारख्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती दुसरीवर टेकवायची. दुसरीवर जेथे रंग उमटेल, तेथे उंचवटा आहे असे समजायचे आणि तेवढाच भाग टोकदार हत्याराने हलकेच खरवडायचा. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी, असे आळीपाळीने ताडून पाहायचे. पहिलीत आणि तिसरीत सारखाच फुगीरपणा असेल, तर त्या दोघी एकमेकींवर बसणारच नाहीत. तिन्ही पाट्या तिन्ही प्रकारे जुळल्या, तर त्या सपाटच असल्या पाहिजेत. हे काम आठवडेच्या आठवडे चाले. पण अशा दोन पाट्या एकमेकींवर ठेवल्या, की वरची उचलताना खालचीही तिला चिकटून वर येई. १८४० मध्ये त्याने ही पद्धत ग्लासगो येथे विद्वानांच्या सभेपुढे मांडली.

मॉडस्ले यांच्यानंतर त्याने लंडनमधील आणखी दोन कारखान्यांत काम केले. त्यांपैकी जोसेफ क्लेमंट यांच्याकडे चार्ल्स बॅबेज यांचे प्रसिद्ध गणनयंत्र तयार होत होते. हजारो भाग अचूक घडवावे लागणारे हे यंत्र पुरे झाले नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु तेथे अचूकतेची जी कसोटी लागली, ती कारागिरांच्या हातांत कायमची उतरली.

१८३३ मध्ये व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला. चोर्ल्टन रस्त्यावर वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक खोली त्याने भाड्याने घेतली आणि आपण लंडनहून आलेले हत्यारे बनवणारे कारागीर आहोत, अशी पाटी दारावर लावली. लंडनच्या नावाचा उपयोग कसा करायचा, हे त्याला चांगले कळत होते. हळूहळू खोलीचा कारखाना झाला. लेथ, रंधायंत्र, भोके पाडण्याची यंत्रे तेथून बाहेर पडू लागली. त्याच्या रंधायंत्राचे हत्यार जातानाही कापी आणि येतानाही कापी, त्यामुळे अर्धा वेळ वाचे. घोड्याने ओढायचे, रस्ते झाडणारे एक यंत्रही त्याने काढले आणि मँचेस्टरच्या धुळकट रस्त्यांवर ते फिरू लागले.

परंतु ज्या कार्यामुळे त्याचे नाव घरोघरच्या पान्यांवर कोरले गेले, ते १८४१ सालचे. बोल्टकडे बारकाईने पाहिले, तर त्यात तीन गोष्टी दिसतात. एका इंचात किती आटे आहेत, आट्याच्या दोन उतारांमध्ये किती अंशांचा कोन आहे आणि आट्याचे शिखर व तळ टोकदार आहेत की गोल. या तिन्ही गोष्टी प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने ठरवत असे. व्हिटवर्थने इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्टचे नमुने गोळा केले आणि ते एकत्र ठेवून मोजले. आपल्या डोक्यातून एखादा सर्वोत्तम आटा काढून तो लोकांवर लादण्याऐवजी त्याने प्रचलित आट्यांचा मध्य काढला. हे त्याचे खरे शहाणपण होते, असे म्हटले पाहिजे. कोणालाच आपला आटा सर्वस्वी सोडावा लागला नाही, थोडे थोडे सर्वांनीच सरकायचे होते. सरासरीने कोन ५५ अंशांचा आला, तोच त्याने सर्वांसाठी नेमला. शिखर आणि तळ गोलाकार ठेवले, म्हणजे आट्याची धार मोडणार नाही. मग प्रत्येक जाडीसाठी आट्यांची संख्या निश्चित केली. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्धा इंचीला १२, एक इंचीला ८.

सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्याने हा प्रस्ताव वाचला. नुसता प्रस्ताव कागदावर राहिला असता, तर तो विसरलाही गेला असता. व्हिटवर्थने हे आटे पाडणारी हत्यारेही तयार करून बाजारात आणली. ती विकत घेतली, की आटे आपोआप त्याच्या मापाचे पडत. रेल्वे कंपन्यांना तर ही सोय देवासारखी धावून आली. शेकडो मैल दूर इंजिन बंद पडले, तरी तिथल्या कोठारातला नट त्याला बसू लागला. पुढच्या वीसएक वर्षांत ही पद्धत ब्रिटनमध्ये सर्वत्र रूढ झाली. सरकारने तिचा कायदा केला नव्हता, लोकांनीच ती आपणहून स्वीकारली.

आटे एकसारखे हवेत, तर माप अचूक हवे. पट्टीवरच्या रेघा डोळ्यांनी पाहण्यापेक्षा दोन टोके स्पर्शाने ताडणे अधिक विश्वसनीय, असे व्हिटवर्थचे मत होते. त्यावरून त्याने एक मापनयंत्र घडवले. त्यातील स्क्रूला इंचात २० आटे होते. तो फिरवणाऱ्या चक्राला २०० दाते आणि त्या चक्राला फिरवणाऱ्या दुसऱ्या चाकावर २५० भाग. यांचा गुणाकार केला, की चाकाचा एक भाग म्हणजे इंचाचा दहा लाखावा अंश होतो. दोन टोकांच्या मध्ये एक लहान चपटा तुकडा ठेवत. पकड पुरेशी झाली, की तो अधांतरी राही आणि चाक एक भाग मागे घेतले, की स्वतःच्या वजनाने खाली पडे. या यंत्रात ठेवलेल्या लोखंडी कांबीला क्षणभर बोट लावले, तर बोटाच्या उबेने ती किती लांबली, हेही समजे. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात त्याची यंत्रे मांडली गेली आणि यंत्रकारांमध्ये त्याच्या नावाचा दबदबा निर्माण झाला.

यानंतरची त्याची वर्षे मोठ्या प्रमाणावर बंदुका आणि तोफा यांत गेली. १८५४ मध्ये सैन्यासाठी बंदुका घडवणारी यंत्रे बनवण्याविषयी सरकारने त्याला विचारले. त्याने उलट सांगितले, की चांगली बंदूक कशाला म्हणायचे, हे आधी प्रयोगाने ठरवले पाहिजे. त्यासाठी घराच्या आवारात पाचशे यार्ड लांबीचा बंदिस्त मार्ग बांधण्यात आला. एका वादळाने तो पाडला, तेव्हा तो पुन्हा उभारला. शेवटी त्याने नळीचे भोक गोल न ठेवता षटकोनी ठेवले. १८५७ मधील चाचण्यांत त्याची बंदूक सैन्यातील एनफील्ड बंदुकीपेक्षा कितीतरी अधिक अचूक ठरली. त्याच एनफील्डच्या काडतुसांवरून त्या वर्षी हिंदुस्थानात असंतोषाचा भडका उडाला होता. तरीही सैन्याने व्हिटवर्थची बंदूक नाकारली. तिचे भोक लहान असल्याने दारूचा मळ लवकर साचे आणि किंमतही बरीच होती. १८६० मध्ये विम्बल्डन येथील नेमबाजीच्या मेळाव्याचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच बंदुकीचा बार काढून केले आणि गोळी लक्ष्याच्या जवळजवळ मध्यभागी लागली. तेवढ्याने सैन्याचे मत बदलले नाही. हा नकार त्याच्या मनाला लागला होता. अधिकारी, तज्ज्ञांच्या समित्या, प्रतिस्पर्धी तोफकार यांच्याशी त्याचे वाद वर्षानुवर्षे चालू राहिले. दुसऱ्याचे ऐकून मध्य काढण्याची जी वृत्ती त्याने आट्यांच्या बाबतीत दाखवली, ती पुढच्या आयुष्यात फारशी दिसत नाही.

कारागिरांच्या शिक्षणाचा विचार मात्र तो विसरला नाही. १८५३ मध्ये तो अमेरिकेत गेला होता. तेथील कामगार नव्या यंत्रांचे स्वागत कसे करतात, हे त्याने जवळून पाहिले. १८६८ मध्ये त्याने आपल्या संपत्तीतून दरसाल शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या देण्याची योजना जाहीर केली. त्यांत एक अट होती. उमेदवाराला गणित आणि विज्ञान यावे, तसेच हत्यारेही हाताळता यावीत. केवळ पुस्तक वाचलेला किंवा केवळ हातोडा मारलेला, असा उमेदवार त्याला नको होता. दुकानात, गिरणीत, लोहारशाळेत राबून रात्री अभ्यास करणाऱ्या कितीतरी तरुणांना या शिष्यवृत्तीने इंजिनिअर केले. ती शिष्यवृत्ती त्याच्या नावाने आजही दिली जाते.

१८६९ मध्ये त्याला सरदारकीचा किताब मिळाला आणि तो सर जोसेफ झाला. पुढच्या वर्षी फॅनीचे निधन झाले. १८७१ मध्ये त्याने मेरी लुइझा ऑरेल हिच्याशी दुसरा विवाह केला. उतारवयात डर्बीशायरमधील डार्ली डेल येथे त्याने घर केले होते. २२ जानेवारी १८८७ रोजी हवापालटासाठी गेला असता माँटे कार्लो येथे त्याचे देहावसान झाले. त्याला अपत्य नव्हते. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये उद्यान आणि कलादालन उभे राहिले, ती दोन्ही आजही त्याच्या नावाने ओळखली जातात.

त्याच्या आट्यांची कहाणी मात्र त्याच्यानंतरही चालू राहिली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्येच वेगळी पद्धत सुचवली होती. ५५ अंशांचा कोन मोजणे अवघड आहे आणि गोल शिखरे साध्या कारागिराला नीट जमत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. त्यांनी कोन ६० अंशांचा केला, शिखरे सपाट ठेवली. अमेरिकेने तेच स्वीकारले. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात एक विलक्षण अडचण उभी राहिली. ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूने लढत होते, पण अर्धा इंची बोल्टला ब्रिटनमध्ये इंचात १२ आटे होते, अमेरिकेत १३. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दोन फेरे चढे आणि तिथेच अडके. पाव इंची बोल्टची गोष्ट तर त्याहून फसवी होती. दोन्हीकडे २० आटे असल्यामुळे नट चढे, परंतु कोन वेगळे असल्याने उतार उतारावर नीट टेकत नसे आणि यंत्राच्या हादऱ्यांनी तो सैल होई. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्र बसून ६० अंशांचा समान आटा ठरवला. जगात बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या मिलिमीटरच्या आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे.

व्हिटवर्थच्या काळातील गिरणीचा प्रश्न आज घराघरांत आला आहे. हौशी माणसे आता खोलीच्या कोपऱ्यात संगणकाच्या आज्ञेने लाकूड किंवा ॲल्युमिनियम कापणारे लहान यंत्र बसवतात. कापणारे हत्यार मिनिटाला हजारो फेरे घेते, त्याचे हादरे सर्व सांध्यांना बसतात. एके दिवशी सरळ रेघेच्या कडेला लाटा दिसू लागतात किंवा गोल भोक अंडाकृती पडते. माणूस प्रथम संगणकावर संशय घेतो. खरा दोष बहुधा एखाद्या सैल बोल्टचा असतो. यंत्राचा वीजपुरवठा बंद करून हत्यार धरणारा भाग हाताने हलवून पाहिला, की खिळखिळा सांधा सापडतो. मग तेथला बोल्ट काढायचा आणि त्याचे आटे झिजले असतील, तर तो न चुकता बदलायचा. घट्ट आवळून झिजलेला बोल्ट टिकत नाही, उलट उरलेले आटे निघून येतात. नवा बोल्ट तीच जाडी, तीच लांबी आणि तेच आटे पाहून घ्यायचा. दुकानातल्या डब्यात सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि पाव इंची बोल्ट शेजारी पडले असतील, तर ते सारखेच दिसतात. तरीही एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही. आटा सहज बोटांनी फिरला पाहिजे, पहिल्या फेऱ्यापासून पाना लावावा लागला, तर काही तरी चुकते आहे असे समजावे. हादऱ्यांच्या जागी आतून नायलॉनचे कडे असलेला नट लावतात, कारण ते कडे आट्यांना धरून ठेवते.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. कारखान्यांत मिलिमीटर रुजले, पण हाताला झालेली सवय सहजी सुटत नाही. महाराष्ट्रातील जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून सूत हे माप आहे. इंचाचे आठ सूत, म्हणून पाव इंची बोल्टला ते दोन सुती आणि अर्धा इंचीला चार सुती म्हणतात. कॅमेरा तिकाटण्यावर बसवणारा स्क्रूही पाव इंचाचा आणि इंचात २० आट्यांचाच राहिला आहे. भंगाराच्या बाजारात कधी कधी व्हिटवर्थच्या मापाचा जुना पाना मिळतो. त्यावर अर्धा इंच असे कोरलेले असते, पण त्याचे तोंड मोजले, तर ते अर्ध्या इंचापेक्षा बरेच मोठे भरते. पाना चुकीचा नसतो. तो आकडा पान्याच्या तोंडाचा नाही, तर ज्या बोल्टचा नट तो फिरवतो, त्या बोल्टच्या जाडीचा आहे.